डाव्या हातावर नजर ठेवा

पत्र: "माझं गाव माण तालुक्यात, नोकरी पुण्यात. चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या रानात कंदुरी असते. भावकीची पाच-सहा बोकडं पडतात. सुरी फिरवायला मुलाणीचाचा येतात आणि सोलायचं, फोडायचं काम गावातले दोघे खाटीक भाऊ करतात. त्यांचा हात असा चालतो की बघत राहावं. गेल्या वर्षी मी कॅमेरा घेऊन गेले. घरी येऊन पाहिलं तर सगळ्या फोटोंत नुसतं रक्त. भाऊ म्हणाला, पोलिसांच्या पंचनाम्याचे वाटतात. धाकट्या खाटकानं तर तिथंच 'ताई, बास आता' म्हणून तोंड फिरवलं होतं. आईचं म्हणणं, बाईमाणसाचं तिथं कामच काय. कॅमेरा साधा डीएसएलआर आहे, सोबत मिळालेली १८-५५ची लेन्स. यंदा परत जायचं आहे. काय बदलू? आणि हे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले तर चालतील का?"

उत्तर:

'हात असा चालतो की बघत राहावं' असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे काय बघायचं ते तुम्हाला नेमकं ठाऊक आहे. घोटाळा कॅमेरा उचलल्यावर झाला. बोकड सोलत असताना तिथली सगळ्यात भडक गोष्ट म्हणजे लाल रंग, आणि घाईत लेन्स भडक गोष्टीकडेच वळते. तिथं उभं असताना तुम्हाला कामाची लय दिसत होती, एकामागून एक कामं कशी सरकतात ते कळत होतं. चौकटीत यातलं काही आपोआप उतरत नाही. उतरतो तो रंग, आणि मग भाऊ पंचनाम्याची आठवण काढतो.

यंदा एक करा. सुरी धरलेल्या हाताकडे बघणं सोडा आणि दुसऱ्या हाताकडे बघा. खाटीक उजव्या हातानं काम करणारा असेल तर डाव्या. (डावखुरा असेल तर उलट, पण मग उभं राहायची जागाही उलटी, ते विसरू नका.) कातडं ताणून धरतो तो डावा हात. सांधा चाचपून शोधतो तोच, पोटातलं सगळं अलगद तोलून धरतो तोही. सुरी त्यानं दाखवलेल्या वाटेनं जाते एवढंच. नवशिका खाटीक ओळखायचा तोही इथंच: त्याची सुरी सारखी चालत असते आणि डावा हात नुसता धरून बसलेला असतो.

पण हा हात प्रत्येक टप्प्याला वेगळं काम करतो आणि तुम्ही फोकस करेपर्यंत पुढे निघून जातो. म्हणून कामाचा क्रम आधी पाठ हवा. पाच-सहा बोकडं आहेत हे तुमच्या फायद्याचं आहे. पहिल्या बोकडाच्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवा आणि नुसतं बघा.

सुरी फिरते त्या क्षणाबद्दल आधी बोलू. माझं मत विचाराल तर तो फोटो काढूच नका. मुलाणीचाचांसाठी ते धार्मिक काम आहे. जनावर आडवं घेऊन, तोंड पश्चिमेला करून, अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायची असते. त्या वेळी समोर लेन्स आली की माणसाचं चित्त ढळतं. बाजूला बांधलेली बोकडंही तुमच्या धावपळीनं बुजतात. एका जनावरासमोर दुसरं कापू नये, हे २००१ च्या कत्तलखाना नियमांत लिहिलेलं आहे आणि जाणते खाटीक नियम न वाचताही तसंच वागतात. शिवाय त्या क्षणात बघण्याजोगं कसब फार थोडं असतं. सुरीला धार असली तर ते एका दमात होतं. तुम्हाला जे हवंय ते सगळं त्यानंतर आहे. चाचांचा फोटो हवाच असेल तर सुरी धुऊन, पुसून, अंगठ्यानं धार बघतात तेव्हाचा काढा.

जनावर पूर्ण शांत झालं की मागच्या पायाला घोट्याजवळ बारीक चीर देऊन आत हवा भरतात. कोणी तोंडानं फुंकतं, कोणी सायकलचा पंप लावतं. कातडं आणि मांस यांच्यामध्ये जो पातळ पापुद्रा असतो तिथं हवा शिरते आणि कातडं जागच्या जागी सुटं होतं. मग मागच्या पायाच्या शिरेतून दोरी ओवून बाभळीच्या नाहीतर लिंबाच्या फांदीला उलटं टांगतात. सुरी लागते ती पायांशी आणि पोटाच्या मधल्या रेघेवर. तिथून पुढं मुठीचं काम. वळलेली मूठ कातड्याखाली दाबत नेतात आणि अंगाला चिकटलेला ओला सदरा उतरवावा तसं कातडं खाली येत जातं. सुरी इथं मुद्दाम लांब ठेवतात, कारण कातड्याला भोक पडलं की त्याचा भाव गेला, आणि हलगीला तर भोकाचं कातडं चालतच नाही. तुमचा पहिला फोटो इथं आहे: मनगटापर्यंत आत गेलेली मूठ, तिच्यावर ताणलेलं काळं कातडं आणि खाली पांढरीशुभ्र पाठ. या फोटोत रक्ताचा थेंबही नसतो. नीट सोललेल्या बोकडावर रक्त जवळजवळ दिसतच नाही, हे बहुतेक शहरी लोकांना फोटोतूनच पहिल्यांदा कळेल.

दुसरा फोटो पोट उघडतानाचा. ऐकायला नको वाटतं, पण सगळ्यात नाजूक काम हेच. जांघेकडून छातीच्या हाडाकडे सुरी वरून खाली आणायची आणि आतल्या वजरीला, म्हणजे जठर-आतड्यांना, टोकसुद्धा लागू द्यायचं नाही. लागलं तर आतली घाण मटणाला लागते. म्हणून खाटीक डाव्या हाताची दोन बोटं आधी आत घालतो, त्या दोन बोटांच्या मध्ये सुरीचं पातं धरतो, धार स्वतःकडे, आणि दोन्ही हात एकदम खाली आणतो. बोटं आतडी मागं दाबतात, सुरी फक्त पोटाचा पडदा उघडते. तुम्ही कमरेत वाकून, लेन्स त्याच्या हाताच्या उंचीला आणून हे टिपा. उभ्यानं वरून काढलंत तर सगळा पसारा येईल आणि बोटं दिसणार नाहीत. यानंतर लगेच कलेजीवरचं पित्त काढायचं असतं. हिरवट, बोटाएवढी पिशवी. ती फुटली तर कलेजी कडू. थोरला भाऊ त्या क्षणी बोलणं थांबवतो का ते बघा. बहुतेक थांबवतात. मग चेहऱ्याचा फोटो घ्या.

सांध्यांकडे मात्र लोक बघतच नाहीत, कारण सत्तुराचा आवाज लक्ष खेचून घेतो. बोकडाचा पुढचा पाय अंगाला हाडानं जोडलेलाच नसतो, नुसत्या मांसानं धरलेला असतो. त्यामुळं जाणता खाटीक पाय बाहेर ओढतो, फऱ्याखालून, म्हणजे खांद्याच्या पात्याखालून, सुरी फिरवतो आणि आख्खा पाय हातात येतो. हाडाचा आवाज होत नाही, चिपा उडत नाहीत. मागच्या रानेला, म्हणजे मांडीला, सांधा आहे, खोबणीत बसलेला. तिथं तो डाव्या हातानं मांडी फिरवून बघतो, अंगठ्यानं खळगा शोधतो आणि सुरीचं नुसतं टोक आत घालून शीर तोडतो. अंगठा खळग्यावर थांबलेला असतो तो अर्धा क्षण म्हणजे तुमचा तिसरा फोटो. त्यासाठी ५५ मिमीवर जा आणि जवळ सरका.

सत्तूर येतो तो नंतर, ठोकळ्यावर. बऱ्याच ठिकाणी ठोकळा चिंचेच्या लाकडाचा असतो, मधोमध झिजून खोलगट झालेला. मटणाआधी त्या ठोकळ्याचा एक फोटो घ्या, आणि सुरीचाही. वर्षानुवर्षं धार लावून पातं अर्ध्यावर आलेलं असतं, मुठीला चिंधी गुंडाळलेली असते. सत्तूर खाली येताना पकडायचा हट्ट बहुतेकांना असतो. मी म्हणेन, तो वर गेल्यावर पकडा. वर गेलेला हात क्षणभर थांबतो, तिथं १/२५० सेकंदही पुरतो. खाली येताना १/१००० लागतो, आणि एवढं करून जे मिळतं त्यात सत्तूर मटणात रुतलेला असतो, म्हणजे काम संपल्यावरचा फोटो.

आणि शेवटी वाटे. तरटावर नाहीतर पळसाच्या पानांवर ओळीनं ढीग लावतात. प्रत्येकात थोडी रान, थोडा सीना, नळी, कलेजीचा तुकडा. तराजू नसतो. थोरला भाऊ मागं सरकून, डोळे बारीक करून सगळ्या ओळीवर एक नजर टाकतो, इकडचा तुकडा उचलून तिकडे ठेवतो. भावकीत वाट्यावरून काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको! गावजेवणातलं सगळ्यात जोखमीचं काम तेच, आणि फोटोत ते कोणी आणत नाही. एखाद्या बैलगाडीवर किंवा बांधावर चढून वरून १८ मिमीवर काढा, म्हणजे ओळ पूर्ण येईल आणि तिच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या नजराही येतील.

आता उजेड. चैत्रात साडेसहाच्या आसपास सूर्य वर येतो आणि नऊ-साडेनऊनंतर माणदेशातला उजेड कोणाचंच भलं करत नाही. बाभळीची सावली तर सगळ्यात वाईट. कवडसे पडतात, आणि ओल्या मांसावर एकेक कवडसा पांढऱ्या ठिपक्यासारखा जळतो. आदल्या संध्याकाळी जाऊन कोणत्या फांदीला टांगतात ते विचारून ठेवा आणि सकाळी सूर्य कुठून येतो ते बघा. दाट लिंब असेल तर तिथं टांगा म्हणून विनंती करायलाही हरकत नाही. ऐकतीलच असं नाही. निळी ताडपत्री वर बांधली असेल तर मात्र देवाचं नाव घ्या, कारण सगळं मटण जांभळं येणार. ताडपत्रीच्या कडेला, जिथं बाहेरचा उजेड आत शिरतो, तिथं होणारी कामं तेवढी टिपा.

कॅमेरा रॉ फॉरमॅटवर ठेवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, साधारण ५५०० केल्व्हिनवर पक्का करा. ऑटो असेल तर चौकटीत लाल जास्त आलं की कॅमेरा बाकी सगळं हिरवट करतो. नंतर रंग जुळवताना बोकडाची चरबी बघा. ती पांढरी दिसली की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपनं कमी ठेवा आणि मागच्या पडद्यावर तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लावा. एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही लाल रंग फुटलेला असतो, आणि एकदा फुटला की मांसाचा पोत जाऊन नुसता लाल चिखल उरतो. तुमच्या गेल्या वर्षीच्या फोटोंचं निम्मं दुखणं हेच असावं. उस्मानाबादी बोकड बहुधा काळं असतं. काळं कातडं आणि पांढरी चरबी एकाच चौकटीत आली की चरबीसाठी एक्स्पोजर धरा, कातडं काळं पडलं तरी चालेल. सकाळच्या सावलीत १/२५०, छिद्र (ॲपर्चर) f/५.६ आणि आयएसओ ८०० पासून सुरुवात करा. फ्लॅश अजिबात नको.

एक गोष्ट रंगाचीच, पण कॅमेऱ्याबाहेरची. नुकतं कापलेलं मांस जांभळट असतं. हवा लागली की साधारण अर्ध्या तासात ते लाल होतं. त्यामुळं टांगलेल्या बोकडाचा आणि वाट्यांचा रंग वेगळाच येणार. तो एकसारखा करायच्या फंदात पडू नका, आणि लाल रंग वाढवायच्या तर मुळीच नाही.

उभं कुठं राहायचं? सुरीवाल्या हाताच्या पुढंमागं कधीच नाही. ठोकळ्यापासून हातभर तरी लांब, कारण हाडाची चीप डोळ्यात जाते आणि लेन्सवरही बसते. पायांत बूट घाला, जमीन निसरडी असते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालण्याऐवजी मनगटाला गुंडाळा. पट्टा लोंबून मटणाला लागला तर शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील.

आईंचा मुद्दा उडवून लावू नका. कंदुरीच्या जागी कापाकापीपाशी पुरुषच असतात, ही अनेक गावांची रीत आहे, आणि तुम्ही तिथं पोचलात की सगळ्यांची भाषा, बसणं-उठणं बदलतं. वाद घालून जाण्यापेक्षा आधी थोरल्या चुलत्यांना नाहीतर मामांना सांगा आणि त्यांच्यासोबत जा. आणखी एक: वजरी धुवायचं काम बऱ्याच ठिकाणी बायकांकडे असतं. विहिरीवर नाहीतर टाकीपाशी बसून वजरी उलटी करायची, चुन्यानं नाहीतर गरम पाण्यानं खरवडून पांढरी करायची. यातही तेवढंच कसब आहे, आणि तिथं तुम्हाला कोणी अडवणार नाही, उलट हातभार लावायला सांगतील. मुंडी-पाय विस्तवावर भाजून खरवडतात तेही तिथंच कुठंतरी चाललेलं असेल. तुमच्या पत्रात या दोन्हींचा उल्लेखच नाही, म्हणून लिहिलं.

धाकट्या भावानं तोंड का फिरवलं? मला वाटतं, त्याला फोटोचा राग नव्हता. फोटोत तो कसा दिसणार याचा अंदाज त्याला तुमच्याआधी आला. कापणारा माणूस म्हणून लोक त्याच्याकडे एरवीही तसंच बघतात. यंदा जत्रेच्या आधी दुकानात जा, गेल्या वर्षीचे फोटो दाखवू नका, आणि काय काढणार आहात ते सांगा: हात, ठोकळा, सुरी, वाटे. 'दादा, तुम्ही फऱ्या कसा सोडवता ते मला काढायचंय' असं म्हणालात की तो स्वतःच हात सावकाश चालवेल. कोणत्या बाजूनं नीट दिसेल तेही सांगेल. मुलाणीचाचांना वेगळं विचारा. खाटकांनी हो म्हटलं म्हणजे चाचांनीही म्हटलं असं होत नाही.

इन्स्टाग्रामचं उत्तर जरा सांभाळून देतो. फोटो काढायची परवानगी आणि तो लोकांसमोर मांडायची परवानगी या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. दोन्ही मागा, आणि दुसरी फोटो दाखवून मागा. सोललेल्या मांसाच्या फोटोवर जनावराचं नाव लिहिलेलं नसतं. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आणि गायीबरोबर बैल आणि वळूंची कत्तलही बंद झाली. शेळ्या-मेंढ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. पण तुमचा फोटो कोणी उचलून, भलतीच ओळ लिहून व्हॉट्सॲपवर फिरवला तर निस्तरावं लागेल ते चाचांना आणि त्या दोघा भावांना. तुम्ही पुण्यात असाल. म्हणून मजकुरात 'बोकड' हा शब्द पहिल्याच ओळीत यायला हवा. एकेकटा मांसाचा तुकडा टाकू नका. मालिकेत एका फोटोत तरी काळं कातडं किंवा मुंडी दिसू द्या. गावाचं नाव, लोकेशन, दुकानाची पाटी काढून टाका. चेहरे त्यांनी हो म्हटलं तरच. चाचांचा चेहरा मी त्यांनी हो म्हटलं तरी टाकणार नाही, हा माझा जादा सावधपणा समजा.

गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर आणखी एक बाब. नगर हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापायला त्याच २००१ च्या नियमांनी मनाई आहे. तसं असेल तर फोटो घरातच ठेवा. तुमच्या चार लाइक्ससाठी त्यांच्या दारात नोटीस नको.

आणि त्यांना हवा असलेला फोटो वेगळाच असतो, तो विसरू नका. काम आटोपलं, हातपाय धुतले, धुतलेला शर्ट आणि टोपी घातली की दोघा भावांना ठोकळ्याशेजारी उभं करा, सावलीत, ३५ मिमीच्या आसपास. ते ताठ उभे राहतील, हसणार नाहीत. राहू द्या तसंच, 'जरा मोकळे व्हा' वगैरे म्हणू नका. त्याची आठ बाय दहाची प्रिंट काढा आणि लॅमिनेट करूनच द्या. ती दुकानात लागणार, आणि तिथली भिंत रोज पाण्यानं धुतात.